रक्तगट लिहिण्याआधी : ब्लड बँकेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी) करून ब्लड बँकेत आलेल्या बहुतेकांनी कॉलेजात रक्तगट काढलेला असतो तो स्लाइडवर. बोट टोचायचं, तीन थेंब ठेवायचे, अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी घालायचं, काडीने ढवळायचं, झालं. इथे आल्यावर एकाच पेशंटसाठी आठ-नऊ ट्यूबचा रॅक समोर येतो आणि सीनियर विचारतात, "ग्रेड किती?" तेव्हा कळतं की क्लम्प (पेशींचा गोळा) दिसला की नाही एवढ्यावर इथे भागत नाही.

हा लेख त्या पहिल्या काही आठवड्यांसाठी आहे. कागदोपत्री २०२० पासून आपण 'ब्लड सेंटर' झालो असलो तरी वॉर्डातून फोन येतो तो "ब्लड बँक का?" असाच, म्हणून मीही तेच म्हणते. थेंब किती, वेळ किती, सेंट्रिफ्यूजचा वेग किती हे तुमच्या एसओपीप्रमाणे (लॅबच्या लेखी कार्यपद्धतीप्रमाणे) आणि अँटीसेराच्या (अँटी-ए, अँटी-बी अशा अँटीबॉडीच्या तयार द्रावणांच्या) डब्यातल्या पत्रकाप्रमाणे चालायचं. इथले आकडे सर्वसाधारण पद्धतीचे आहेत.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. रक्तगट म्हणजे एक टेस्ट नव्हे, दोन स्वतंत्र टेस्ट आहेत. एकीत पेशी तपासायच्या (फॉरवर्ड), दुसरीत सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव (रिव्हर्स). दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा.

१. आधी टेबल लावून घ्या

काम सुरू झाल्यावर फ्रीजकडे धावायला लागलं की चुका होतात. एवढं समोर असू द्या :

- १२×७५ मिमीच्या काचेच्या ट्यूब, रॅक, मार्कर
- अँटी-ए (निळा), अँटी-बी (पिवळा), अँटी-एबी, आणि दोन वेगळ्या क्लोनचे (वेगवेगळ्या पेशीवंशातून बनवलेले) अँटी-डी (रंगहीन)
- त्याच दिवशी तयार केलेल्या पूल्ड ए, बी आणि ओ सेल्स
- कूम्ब्स सीरम म्हणजे एएचजी (अँटी-ह्युमन ग्लोब्युलिन), आणि कूम्ब्स कंट्रोल सेल्स
- ०.९ टक्के सलाइन. एसओपीत असेल तर २२ टक्के अल्ब्युमिन किंवा लिस (कमी क्षाराचं सलाइन)
- सेंट्रिफ्यूज, ३७ अंशांचा वॉटर बाथ किंवा ड्राय इन्क्युबेटर, व्ह्यू बॉक्स, मायक्रोस्कोप
- कागदपत्रं : रक्त मागणीपत्र, ग्रुपिंग रजिस्टर, क्रॉसमॅच (पेशंटचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळतं का ते पाहणं) रजिस्टर, अँटीसेराचं रोजचं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) रजिस्टर

हातमोजे आणि एप्रन आलेच. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर रुजू होण्याआधी सुरू करा.

अँटीसेरा २ ते ८ अंशांत राहतो. कामाला घेताना रूम टेंपरेचरला येऊ द्यायचा आणि काम झालं की परत आत ठेवायचा. दिवसभर टेबलावर राहिलेली बाटली हळूहळू कमजोर होते आणि ते पटकन लक्षात येत नाही. म्हणून सकाळी पहिलं काम क्यूसीचं : अँटी-ए हा ए सेल्सबरोबर पॉझिटिव्ह आणि बी सेल्सबरोबर निगेटिव्ह आला पाहिजे, अँटी-बीचं उलट, अँटी-डी हा डी पॉझिटिव्ह आणि डी निगेटिव्ह अशा दोन्ही सेल्सवर. रंग निळा आहे म्हणून तो चांगला अँटी-ए आहे असं समजू नका. तो रंग बाटली ओळखण्यासाठी घातलेला असतो, त्याचा अँटीबॉडीशी काही संबंध नाही. गढूळ दिसला तर वापरायचा नाही, सरळ बाजूला ठेवून सीनियरना दाखवायचा.

पूल्ड सेल्ससाठी किमान तीन डोनरच्या पेशी एकत्र करून सलाइनने तीनदा धुतात. कालच्या उरलेल्या सेल्स "अजून चांगल्या दिसतायत" म्हणून चालवून घेऊ नका.

२. सॅम्पल आलं की सेंट्रिफ्यूजला लावायची घाई नको

चुकीचा गट चढण्याची कारणं शोधली तर अँटीसेरा खराब निघाल्याची उदाहरणं विरळ सापडतात. लेबल, फॉर्म आणि माणूस यांची गल्लत झालेली उदाहरणं जास्त असतात. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

मागणीपत्र आणि ट्यूब शेजारी ठेवून ओळ अन् ओळ मिळवा : पूर्ण नाव, वय, लिंग, आयपीडी नंबर, वॉर्ड, सॅम्पल घेतल्याची तारीख आणि वेळ, घेणाऱ्याची सही. एकही गोष्ट जुळत नसेल तर सॅम्पल परत. वॉर्डातून कोणी येऊन "आत्ता इथेच लेबल दुरुस्त करतो, द्या पेन" म्हणालं, तर पेन देऊ नका, नवीन सॅम्पल मागवा. खिडकीवर नातेवाईक चिडतील, निवासी डॉक्टर फोनवर आवाज चढवतील. शांतपणे "नवीन सॅम्पल पाठवा, आल्याबरोबर लावते" एवढंच सांगायचं.

फॉर्मवर आणखी दोन गोष्टी शोधा : पूर्वी रक्त चढलं आहे का, आणि बाईपेशंट असेल तर बाळंतपणं किंवा गर्भपात झालेत का. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलं असेल किंवा गर्भारपण असेल तर क्रॉसमॅचचं सॅम्पल तीन दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, कारण मधल्या काळात नवीन अँटीबॉडी तयार झालेली असू शकते. हे रकाने रिकामे असतील तर वॉर्डात फोन करून विचारा आणि उत्तर कोणी दिलं तेही लिहून ठेवा.

जुनं रेकॉर्डही उघडून बघा. पेशंटचा आधीचा गट आणि आजचा गट वेगळा निघाला, तर दोन्ही सॅम्पल एकाच माणसाची नाहीत असं धरूनच पुढचा तपास करायचा.

३. ट्यूबमध्ये नेमकं काय होतं

हे थोडक्यात, पण समजून घ्या, कारण पुढे कूम्ब्स का करायचं ते यावरच आहे.

लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. त्यामुळे सलाइनमध्ये त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात. अँटीबॉडी आधी पेशीवरच्या अँटिजेनला (गट ठरवणाऱ्या खुणेला) चिकटते. मग तीच अँटीबॉडी दुसऱ्या टोकाने शेजारच्या पेशीला धरते आणि असं जाळं वाढत गेलं की डोळ्यांना क्लम्प दिसतो. आयजीएम अँटीबॉडी मोठी असते, तिला पकडायच्या दहा जागा असतात, म्हणून दोन पेशींमधलं अंतर ती सहज ओलांडते. अँटी-ए आणि अँटी-बी रूम टेंपरेचरला चटकन क्लम्प देतात ते याचमुळे. आयजीजी लहान असते. ती पेशीला चिकटते, पण शेजारच्या पेशीपर्यंत पोचत नाही. पेशी अँटीबॉडीने माखलेली आणि ट्यूब मात्र निगेटिव्ह, अशी फसवी स्थिती होते.

आणि क्लम्प म्हणजे रक्त गोठणं नव्हे. गोठण्यात फायब्रिनचे धागे असतात, ते ट्यूबमध्ये आले तर उलट घोटाळाच करतात. प्लेन ट्यूबमधलं रक्त नीट क्लॉट होण्याआधी घाईने फिरवलं की सीरममध्ये असे धागे राहतात आणि नवखा माणूस त्यांना १+ म्हणून मोकळा होतो.

४. सेल सस्पेन्शन

ट्यूब पद्धतीला २ ते ५ टक्के सस्पेन्शन लागतं. पेशी सलाइनने धुवा, शेवटच्या वेळी वरचं सलाइन पूर्ण काढा, मग पॅक्ड सेल्सचा १ थेंब आणि सलाइनचे १९ थेंब : हे झालं ५ टक्के. सुरुवातीला थेंब मोजूनच करा. महिनाभरात डोळ्याला अंदाज येतो. रंग टोमॅटोच्या पातळ सारासारखा दिसला पाहिजे.

सस्पेन्शन दाट झालं तर अँटीबॉडी पुरत नाही आणि कमजोर रिअॅक्शन निगेटिव्ह वाटते. फार पातळ झालं तर बटनच (फिरवल्यावर तळाशी बसलेला पेशींचा थर) इतकं लहान येतं की वाचता येत नाही. ग्रेड दिवसभर विचित्र येत असतील तर अँटीसेराला दोष देण्याआधी सस्पेन्शन बघा.

५. फॉरवर्ड आणि रिव्हर्स

आधी सगळ्या ट्यूबवर पेशंटचा नंबर आणि ट्यूबचं नाव लिहा, मग थेंब टाका. कुठल्याही ट्यूबमध्ये आधी अँटीसेरा किंवा सीरम घालायचं आणि पेशी शेवटी. याचं कारण साधं आहे : रंगहीन थेंब पडला की नाही हे पेशी घातल्यावर कळत नाही. थेंब टाकताना ड्रॉपर उभा धरा. तिरका धरला तर थेंबाचा आकार बदलतो. ड्रॉपरचं टोक ट्यूबच्या काचेला लागू देऊ नका.

फॉरवर्डमध्ये अँटी-ए, अँटी-बी, अँटी-एबी आणि अँटी-डी यांचा प्रत्येकी एक थेंब (पत्रकात दोन सांगितले असतील तर दोन) आणि पेशंटच्या सस्पेन्शनचा एक थेंब. रिव्हर्समध्ये पेशंटच्या सीरमचे दोन-दोन थेंब तीन ट्यूबमध्ये, आणि त्यात अनुक्रमे ए, बी आणि ओ सेल्सचा एकेक थेंब. सोबत ऑटो कंट्रोल लावा : पेशंटचंच सीरम आणि पेशंटच्याच पेशी. हलवा, एसओपीत दिलेला वेळ रूम टेंपरेचरला ठेवा, साधारण १००० आरपीएमला १ मिनिट फिरवा.

रिव्हर्स ग्रुपिंग ही काही नंतर जोडलेली खबरदारी नाही. कार्ल लँडस्टाइनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात एबीओ गट मांडले ते सहकाऱ्यांचं सीरम आणि पेशी आलटूनपालटून मिसळूनच. तेव्हा अँटीसेराच्या बाटल्या नव्हत्या. ए गटाच्या माणसात अँटी-बी असतो, बीमध्ये अँटी-ए, ओमध्ये दोन्ही, एबीमध्ये एकही नाही. कधी रक्त न घेतलेल्या माणसातही या अँटीबॉडी असतात, म्हणून तर सीरमवरून गटाची उलटतपासणी करता येते.

बाळांमध्ये मात्र हे चालत नाही. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या सीरममध्ये जे सापडतं ते बहुतेक आईकडून आलेलं असतं, म्हणून तिथे फक्त फॉरवर्ड. नाळेचं रक्त असेल तर पेशी जास्त वेळा धुवा. व्हार्टन्स जेली (नाळेतला चिकट पदार्थ) राहिली तर सगळ्याच ट्यूबमध्ये क्लम्प दिसतात.

स्लाइडबद्दल एवढंच : कॅम्पमध्ये डोनरचा प्राथमिक गट बघायला ठीक. स्लाइडवर रिव्हर्स करता येत नाही, कमजोर रिअॅक्शन सुटतात, आणि दोन मिनिटांच्या पुढे थेंब कडेने वाळू लागला की तो क्लम्पसारखाच दिसतो. पेशंटचा अंतिम गट स्लाइडवर लिहायचा नाही.

६. ट्यूब वाचणं

हे पुस्तकातून येत नाही, हाताला यावं लागतं.

ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर हलवण्याआधी वरचा द्रव बघा. तो गुलाबी किंवा लाल असेल तर हिमोलिसिस झालं आहे, आणि मूळ सॅम्पलच हिमोलाइज्ड नसेल तर हिमोलिसिस म्हणजेही पॉझिटिव्ह. नवखे इथे हमखास फसतात. अँटीबॉडीने पेशी फोडल्या, म्हणून क्लम्प व्हायला पेशीच उरल्या नाहीत, आणि ट्यूबवर "निगेटिव्ह" लिहिलं गेलं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) प्लाझ्मात कॅल्शियम बांधलं गेल्यामुळे कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) काम करत नाही, त्यामुळे हा प्रकार सीरममध्येच दिसतो हेही लक्षात असू द्या.

मग ट्यूब व्ह्यू बॉक्ससमोर जवळजवळ आडवी धरा, बटन वरच्या बाजूला येईल अशी. मनगटातून अगदी हलके हलवा आणि बटन काचेपासून कसं सुटतंय त्यावर नजर ठेवा. निगेटिव्ह असेल तर बटनाच्या कडेवरून धुरासारखी पेशींची धार निघते आणि सगळा द्रव एकसारखा लाल होतो. पॉझिटिव्ह असेल तर कड तुटक दिसते, तुकडे निघतात. बटन पूर्ण सुटेपर्यंत हलवायचं, पण सुटल्यावर थांबायचं. जोरात झटके दिलेत तर २+ चा १+ होतो आणि १+ चा निगेटिव्ह.

ग्रेड अशा लिहितात :

- ४+ : एकच घट्ट गोळा, मागचा द्रव स्वच्छ
- ३+ : दोन-चार मोठे तुकडे, द्रव स्वच्छ
- २+ : मध्यम आकाराचे बरेच तुकडे, द्रव स्वच्छ
- १+ : बारीक कण, द्रव लालसर गढूळ
- डब्ल्यू किंवा ± : अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम
- मिक्स्ड फील्ड : क्लम्प आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या पेशीही भरपूर आहेत

एबीओच्या फॉरवर्डमध्ये ३+ किंवा ४+ अपेक्षित असतं. २+ किंवा त्याहून कमी आलं तर ते पॉझिटिव्ह म्हणून पुढे ढकलायचं नाही, कारण शोधायचं. एक ट्यूब वाचली की लगेच रजिस्टरमध्ये ग्रेड लिहा, मग दुसरी उचला. आठ ट्यूब वाचून आठवणीने लिहायला बसू नका. आणि "गट ए असावा" असं मनात धरून वाचायला गेलात की डोळा तसंच वाचतो. शक्य असेल तिथे फॉरवर्ड एकाने आणि रिव्हर्स दुसऱ्याने वाचावं.

७. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर

आधी दुर्मीळ गोष्टींच्या मागे लागू नका. लेबल परत बघा, पेशी पुन्हा धुऊन नवीन सस्पेन्शन करा, सगळं पुन्हा लावा. बरेचसे घोळ इथेच मिटतात. तरी राहिला तर खालच्यापैकी काही असू शकतं. तोवर गट लिहायचा नाही. पेशंटला तातडीने रक्त हवं असेल तर ओ गटाच्या पॅक्ड सेल्सबद्दल मेडिकल ऑफिसरशी बोलायचं, आणि त्यांच्याही कानावर घालायचं की पेशंट बॉम्बे या दुर्मीळ गटाचा नाही हे अजून पाहायचं आहे. कारण खाली येतंच.

रिव्हर्समध्ये अपेक्षित अँटीबॉडी दिसत नाही : खूप वयस्क माणूस किंवा ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे असा पेशंट. ट्यूब रूम टेंपरेचरला १५ ते ३० मिनिटं जास्त ठेवून बघा, नंतर ४ अंशांवर. पण ४ अंशांवर ठेवताना ओ सेल आणि ऑटो कंट्रोलही सोबत ठेवा, नाहीतर नको ती कोल्ड अँटीबॉडी पकडून तुम्ही खूश व्हाल.

फॉरवर्ड कमजोर आहे : ए चा उपगट (नेहमीचा ए१ नसून ए२ वगैरे) किंवा ल्युकेमिया. ए२ आणि ए२बी माणसांपैकी काहींच्या सीरममध्ये अँटी-ए१ असतो, त्यामुळे फॉरवर्ड सांगतं ए आणि रिव्हर्समध्ये ए सेल्सही हलकेच क्लम्प होतात. हे तपासायला अँटी-ए१ लेक्टिन (पेशी क्लम्प करणारं वनस्पतीतलं प्रथिन) लागतं, आणि ते कशापासून काढतात? कुळथापासून. कोकणात ज्याचं पिठलं होतं त्याच कुळथाच्या बियांचा सलाइनमधला अर्क, योग्य तितका पातळ केलेला, ए१ पेशी क्लम्प करतो आणि ए२ सोडून देतो. बाटलीवर डोलिकॉस बायफ्लोरस असं भारदस्त नाव असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

रिव्हर्समध्ये सगळंच क्लम्प होतंय, ओ सेल आणि ऑटो कंट्रोलसुद्धा : दोन शक्यता. कोल्ड अँटीबॉडी असेल तर पेशी ३७ अंशांच्या कोमट सलाइनने धुवा, सीरमही ३७ अंशांवर आणून परत लावा. दुसरी शक्यता रूलो. मल्टिपल मायलोमाच्या किंवा डेक्स्ट्रान दिलेल्या पेशंटच्या सीरममध्ये पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात. मायक्रोस्कोपखाली ती चळत स्पष्ट दिसते. उपाय म्हणजे सलाइन रिप्लेसमेंट : ट्यूब पुन्हा फिरवा, बटन न हलवता सीरम काढून घ्या, तितकंच सलाइन घाला, हलवून परत फिरवा आणि वाचा. रूलो असेल तर सुटून जातो, खरं अॅग्लुटिनेशन असेल तर राहतं.

मिक्स्ड फील्ड : बहुतेक वेळा पेशंटला बाहेर कुठेतरी रक्त चढलेलं असतं. अपघातात ए गटाच्या माणसाला आधी ओ च्या पिशव्या मिळाल्या असतील तर अँटी-एच्या ट्यूबमध्ये त्याच्या स्वतःच्या पेशींचा क्लम्प आणि भोवती ओ च्या मोकळ्या पेशी असं दिसणारच. रेफर केलेल्या हॉस्पिटलला फोन करा.

आणि आता ओ सेलची ती तिसरी ट्यूब, जी घाईत बरेच जण गाळतात. समजा फॉरवर्डमध्ये अँटी-ए निगेटिव्ह, अँटी-बी निगेटिव्ह, अँटी-एबी निगेटिव्ह. म्हणजे ओ. रिव्हर्समध्ये ए सेल ४+, बी सेल ४+. म्हणजे ओ. दोन्ही बाजू जुळल्या असं वाटून तुम्ही ओ लिहिणार, तेवढ्यात तिसऱ्या ट्यूबमध्ये ओ सेलही ४+ दिसतो, आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह आहे. हा पेशंट ओ नाही असं धरून चाला. त्याच्या सीरममध्ये दुसरी एखादी अँटीबॉडी असेल, किंवा तो बॉम्बे गटाचा असेल. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतल्या पेशंटवरून हा गट 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ए आणि बी अँटिजेन ज्याच्यावर बांधले जातात तो एच अँटिजेनच या माणसांच्या पेशींवर नसतो, आणि सीरममध्ये अँटी-एच असतो, तोही ३७ अंशांवर काम करणारा. ओ पेशींवर एच सर्वात जास्त असतो. म्हणजे 'सगळ्यांना चालणारं' ओ रक्त यांच्यासाठी घातक.

खात्री अँटी-एच लेक्टिनने करतात : साध्या ओ पेशी जोरात क्लम्प होतात, बॉम्बे पेशी होत नाहीत. भारतात हा गट साधारण १०,००० माणसांत एकाचा, पण जगाच्या तुलनेत आपल्याकडेच जास्त. अशा पेशंटला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, म्हणून संशय आला की वेळ न घालवता मेडिकल ऑफिसरना सांगा, भावंडांना तपासणीसाठी बोलवायला सांगा, आणि मोठ्या रेफरन्स लॅबशी संपर्क करा. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे.

८. डी निगेटिव्ह लिहिण्याआधी

आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण डी निगेटिव्ह (म्हणजे आरएच निगेटिव्ह). दोन वेगळ्या क्लोनचे अँटी-डी लावतात ते अशासाठी, की एका क्लोनला न दिसणारा कमजोर किंवा अपुरा डी दुसऱ्याला दिसू शकतो. डोनर निगेटिव्ह दिसला तर वीक डी म्हणजे कमजोर डीसाठी कूम्ब्सपर्यंत (पुढच्या भागातली टेस्ट) जा, आणि वीक डी निघाला तर पिशवीवर पॉझिटिव्ह. पेशंटच्या बाबतीत उलटी काळजी : शंका असेल तर त्याला निगेटिव्ह रक्त देणं सुरक्षित. वीक डी करताना पेशंटचा डायरेक्ट कूम्ब्स सोबत लावा. तोच पॉझिटिव्ह असेल तर वीक डीच्या पॉझिटिव्हला काही अर्थ उरत नाही.

९. कूम्ब्स : धुण्याचं काम

आयजीजीने माखलेल्या पण क्लम्प न झालेल्या पेशींना एकत्र आणायला दुसरी अँटीबॉडी घालायची, जी मानवी आयजीजीलाच पकडते. रॉबिन कूम्ब्स, मोरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये ही टेस्ट मांडली आणि आजही क्रॉसमॅचचा कणा तीच आहे.

इनडायरेक्ट कूम्ब्सचा क्रम : पेशंटच्या सीरमचे दोन थेंब, पेशींचा एक थेंब, ३७ अंशांवर इन्क्युबेट (लिसमध्ये १५ मिनिटं, सलाइन किंवा अल्ब्युमिनमध्ये ३० मिनिटं वा जास्त), मग सलाइनने तीन ते चार वेळा धुवायचं, शेवटचं सलाइन पूर्ण काढायचं, लगेच एएचजीचे दोन थेंब, फिरवून वाचायचं. डायरेक्टमध्ये इन्क्युबेशन नाही. ईडीटीए सॅम्पलच्या पेशी थेट धुऊन एएचजी.

सगळा खेळ धुण्यात आहे. सीरमचा अगदी थोडा अंश मागे राहिला तरी त्यातलं मोकळं आयजीजी एएचजीला आधीच गुंतवून टाकतं आणि पेशींसाठी काही उरत नाही. ट्यूब छान निगेटिव्ह दिसते. सलाइन काठाने हळूच सोडू नका, जोराने सोडा म्हणजे बटन उखडून पेशी नीट पसरतील. धुणं सुरू केलं की मध्येच फोन घ्यायला उठू नका, कारण थांबलात तर कमजोर चिकटलेली अँटीबॉडी पेशीवरून सुटते.

म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये कूम्ब्स कंट्रोल सेल्सचा एक थेंब. या ओ पॉझिटिव्ह पेशी आधीच आयजीजी अँटी-डीने माखलेल्या असतात. फिरवल्यावर क्लम्प आला तर एएचजी जिवंत होतं आणि तुमचं निगेटिव्ह खरं. क्लम्प नाही आला तर ती टेस्ट झालीच नाही, पहिल्यापासून करा. रात्रपाळीला ही पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि ती गाळली तर अख्ख्या कूम्ब्सचा काही भरवसा राहत नाही.

१०. क्रॉसमॅच

मेजर क्रॉसमॅच : पेशंटचं सीरम आणि पिशवीच्या सेगमेंटमधल्या (नळीच्या सीलबंद तुकड्यातल्या) डोनरच्या पेशी. सलाइन फेज (रूम टेंपरेचरची पहिली पायरी) आधी वाचा, ती एबीओची गल्लत पकडते. मग तीच ट्यूब ३७ अंश आणि कूम्ब्सपर्यंत न्या, तिथे डी, सी, ई, केल, किड यांच्यासारख्या अँटीबॉडी सापडतात. किड गटातल्या अँटीबॉडी विशेष लबाड : रक्त चढल्यानंतर काही महिन्यांत इतक्या खाली जातात की क्रॉसमॅच जुळतो, आणि रक्त चढलं की पुन्हा उसळतात. पूर्वी कधी अँटीबॉडी सापडल्याचं कार्ड पेशंटकडे असेल तर आजचा निगेटिव्ह क्रॉसमॅच त्याहून मोठा मानू नका.

अगदी तातडी असेल तर डॉक्टरांच्या लेखी मागणीवर सलाइन फेजनंतर पिशवी देतात. पण उरलेला क्रॉसमॅच चालूच ठेवायचा, आणि काही सापडलं तर त्याच क्षणी वॉर्डात फोन. पिशवी गेली म्हणून ट्यूब टाकून द्यायच्या नाहीत.

११. तुमच्याकडे जेल कार्ड असेल तर

जेल कार्ड म्हणजे जेल भरलेल्या बारीक नळ्यांचं कार्ड. त्याने काम सोपं होतं, पण समज तीच लागते. सस्पेन्शन ०.८ ते १ टक्का, पिपेटने ५० मायक्रोलिटर पेशी आणि २५ मायक्रोलिटर प्लाझ्मा, ३७ अंशांवर १५ मिनिटं, कार्डच्या सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं. क्लम्प जेलच्या वर अडकतो, मोकळ्या पेशी तळाला बसतात. धुणं नाही, कंट्रोल सेल्स नाहीत, आणि कार्ड दुसऱ्याला दाखवताही येतं. वर एक रेघ आणि तळाला बटन दिसलं तर मिक्स्ड फील्ड. वर फक्त पुसट गुलाबी रेघ असेल तर फायब्रिन अडकलं असण्याची शक्यता आहे, सॅम्पल परत फिरवून लावा. कार्ड वापरण्याआधी जेल सुकलंय का, बुडबुडे आहेत का ते बघा. आणि पेशी प्लाझ्माच्या आधी घाला. ट्यूबच्या उलट क्रम आहे, हात सवयीने चुकतो.

१२. लिहिणं आणि देणं

रजिस्टरमध्ये आधी प्रत्येक ट्यूबची ग्रेड, मग निष्कर्ष, मग सही आणि वेळ. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहा आणि सही करा, व्हाइटनर नाही. दुसऱ्याच्या वाचनावर आपली सही करू नका, सीनियर असले तरी.

पिशवी खिडकीतून देताना फॉर्म, क्रॉसमॅच लेबल आणि पिशवीचा नंबर मोठ्याने वाचून समोरच्याकडून मिळवून घ्या. पेशंटचं नाव त्यालाच सांगायला लावा, आपण सांगून "हो ना?" विचारू नका. पिशवी गेल्यानंतर पेशंटचं सॅम्पल आणि पिशवीचा सेगमेंट किमान सात दिवस फ्रीजमध्ये राहिला पाहिजे. रिअॅक्शन आली तर पहिली मागणी त्याचीच होते, म्हणून रॅकवर तारीख घालून ठेवा आणि फ्रीज आवरताना आधी त्या तारखा वाचा.